उत्सवाकडून व्रताकडे

दरवर्षी ५ जून उजाडला की राज्यातील विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या आवारांत एक परिचित दृश्य दिसते. मांडव घातलेला असतो. व्यासपीठामागे फ्लेक्सचा भला मोठा फलक असतो आणि त्यावर तुकोबांचा अभंग छापलेला असतो. पाहुण्यांचे स्वागत प्लास्टिकच्या वेष्टनातील पुष्पगुच्छाने होते, त्यांच्यासमोर पाण्याच्या छोट्या बाटल्यांची रांग लागते आणि मग एक रोप दहा हातांनी खड्ड्यात लावले जाते. छायाचित्र निघते, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापूनही येते. त्या रोपाचे पुढे काय झाले, हे मात्र कोठेच छापून येत नाही. कित्येकदा पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लागते, नवे पाहुणे येतात आणि फलकावरील वर्ष तेवढे बदलते.

वास्तविक या तारखेची निवड आपल्या ऋतुचक्राकडे पाहून झालेली नाही. १९७२ च्या जून महिन्यात स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिषदेच्या स्मरणार्थ १९७३ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. महाराष्ट्रात त्या दिवशी मृग नक्षत्रही लागलेले नसते. जमीन तापलेली असते, आवारात विद्यार्थी तुरळक असतात. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली ती जुलैमध्ये, पावसाने जमीन भिजल्यावर. त्यामागे शेतीप्रधान समाजाचे शहाणपण होते. जगाबरोबर एखादा दिवस पाळण्यास कोणाचीच हरकत असणार नाही. पण रोप तारखेवर जगत नाही, पाण्यावर जगते.

प्रश्न एका रोपाचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आपल्या परंपरेत उत्सव आणि व्रत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. उत्सवाने माणसे एकत्र येतात, मने उल्हसित होतात. व्रताने वर्तन बदलते. उत्सव एका दिवसाचा, व्रत नेमाचे. व्रत निष्ठेने पुरे झाल्यावरच त्याचे उद्यापन करावयाचे असते. विद्यापीठांतील पर्यावरणविषयक कार्यक्रमांचे उद्यापन मात्र पहिल्याच दिवशी उरकले जाते, हे खरे दुखणे आहे.

नियमांची आणि आदेशांची उणीव आहे असेही नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असे सांगितले. २००३ मध्ये न्यायालयाने त्याची पुन्हा आठवण करून दिली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. २०१७ पासून नॅकच्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत हरित परिसराची विचारणा होऊ लागली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आयोगाने २०२३ मध्ये या विषयाची नवी रूपरेषा देऊन त्यास किमान चार श्रेयांक ठेवले. तीन दशकांत न्यायालय, आयोग आणि सरकार यांनी आपापल्या परीने दारे उघडून दिली. त्यांतून आत काय आले? पुष्कळ ठिकाणी विषय आला तो 'उत्तीर्ण होण्यापुरता', प्रकल्पवह्या आल्या त्या आयत्या, आणि हरित परिसर आला तो मूल्यांकन समिती येण्याच्या आधीच्या पंधरवड्यात, रंगवलेल्या कुंड्यांसह.

यातील हानी केवळ पर्यावरणाची नाही. अठरा-वीस वर्षांचा तरुण हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहत असतो. व्यासपीठावरून जे बोलले जाते आणि व्यासपीठामागे जे घडते, त्यांतील अंतर त्याच्या ध्यानात येते. सार्वजनिक जीवनात बोलणे आणि वागणे यांची फारकत चालते, नव्हे, ती तशीच चालावयाची असते, हा धडा तो कोणत्याही पुस्तकाविना शिकतो. उद्या हाच तरुण अधिकारी, अभियंता, कारखानदार किंवा नगरसेवक होणार आहे. कागदावर हिरवे आणि जमिनीवर रखरखीत असा कारभार तो पुढे करू लागला, तर त्याचे पहिले प्रशिक्षण आपण आपल्याच ज्ञानमंदिरात दिले, हे मान्य करावे लागेल.

याच्या उलट काय घडू शकते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले ते शहरालगतच्या उघड्या माळावर. सुमारे ८५० एकरांच्या या आवारात आज दाट झाडी आहे, तळी आणि विहिरी आहेत. माळावर पडणारे पावसाचे पाणी अडवून, साठवून आपली गरज भागवण्याची शिस्त या विद्यापीठाने वर्षानुवर्षे जोपासली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराने कोल्हापूरची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असूनही घरोघरचे नळ कोरडे पडले. त्या कठीण दिवसांत विद्यापीठाने साठवलेले पाणी नागरिकांच्या उपयोगी आले. तळे खोदले जाते तेव्हा टाळ्या वाजत नाहीत. त्याची किंमत अशा एखाद्या आठवड्यात कळते.

आणि हा विचारही आपल्याकडे नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. पण कर्मवीरांचे विद्यार्थी वृक्षाच्या चित्राला नमस्कार करून थांबले नाहीत. त्यांनी शेतात काम केले, दगड फोडले, आपल्या शाळांच्या भिंती स्वतः उभ्या केल्या. १९४७ मध्ये साताऱ्यास सुरू झालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर उभे राहिले. ज्याने स्वतः विहिरीचे पाणी शेंदले, त्याला पाणी वाचवा असे फलकावर लिहून सांगावे लागत नाही. श्रमाने वस्तूची किंमत कळते आणि किंमत कळली की उधळपट्टी आपोआप थांबते.

विद्यापीठाने ठरवले तर त्याच्या कामाचा परिणाम साऱ्या शहरावर होतो, हेही पुण्याने अनुभवले आहे. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्यांसाठी साक्षरतेचे काम हाती घेतले. शिकवायला गेलेल्यांच्या लक्षात आले की, ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाला तर या भगिनींना उकिरड्यात हात घालावा लागणार नाही आणि कागद, काच, पत्रा यांचे मोलही वाढेल. त्या कामातून १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उपक्रम एका विभागाचा होता. पण कार्यक्रम म्हणून नव्हे, काम म्हणून हाती घेतला गेला, म्हणून तो टिकला.

मग विद्यापीठांनी कार्यक्रम करूच नयेत काय? अवश्य करावेत. समाजाला उत्सव हवेच असतात. मात्र प्रत्येक उत्सवाने मागे एक व्रत ठेवून जावे, एवढे पथ्य योजना आखतानाच पाळले पाहिजे. वृक्षारोपण हवे, तर खड्डे उन्हाळ्यात खणावेत, रोपे पाऊस स्थिरावल्यावर लावावीत आणि जेवढ्या रोपांना तीन उन्हाळे पाणी देता येईल तेवढीच लावावीत. सुटीत विद्यार्थी गावी जातात, तेव्हा पाणी घालणाऱ्या माळ्याच्या वेतनाची तरतूद अर्थसंकल्पात असावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तास सेवेची अपेक्षा असते. त्यांतील काही तास रोपे लावण्याऐवजी आधीच्या तुकडीने लावलेली रोपे जगवण्यासाठी दिले, तर आवाराचे रूप पालटेल.

स्नेहसंमेलने आणि युवा महोत्सव यांचेही तसेच. शंभरापेक्षा अधिक माणसे जमवणाऱ्या आयोजकाने कचरा जागेवरच वेगळा करून द्यावा, अशी जबाबदारी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच घातली. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर महाराष्ट्राने २०१८ मध्ये बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंना देशभर मनाई झाली. म्हणजे येथे मागणी त्यागाची नसून केवळ कायद्याच्या पालनाची आहे. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात 'एक थाळी, एक थैला' या मोहिमेद्वारे देशभरातील घरांतून स्टीलची ताटे आणि कापडी पिशव्या गोळा करून पाठवण्यात आल्या. जे कुंभासारख्या अफाट मेळ्यात करून पाहता आले, ते दोन-तीन हजारांच्या स्नेहसंमेलनात जमू नये? पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक पालखी मार्गावर स्वच्छतेसाठी घाम गाळतात. वारकऱ्यांच्या मुक्कामी झाडू हाती घेणारा विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाच्या मैदानावर पाण्याची बाटली टाकून जात असेल, तर दोष त्याच्या वृत्तीत कमी आणि आपल्या व्यवस्थेत अधिक आहे. तेथे त्याला काम नेमून दिलेले असते, येथे नसते.

सवयी लागतात त्या मोजमापाने. वसतिगृहाच्या भोजनालयात एक हजार विद्यार्थ्यांनी प्रत्येकी केवळ ५० ग्रॅम अन्न ताटात टाकले, तरी दिवसाला ५० किलो अन्न वाया जाते. हा आकडा रोज वजन करून दाराशी फळ्यावर लिहावा. उपदेशाचे एकही वाक्य लिहू नये. जुना छतपंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, नव्या पद्धतीचा ३० वॉटच्या आसपास. असे २०० पंखे दिवसाला आठ तास फिरत असतील, तर ते बदलल्याने रोज ७२ युनिट वाचतात. प्रत्येक इमारतीला स्वतंत्र मीटर बसवून त्याचे आकडे दरमहा जाहीर केले, तर विभागाविभागांत निकोप चढाओढ लागेल. प्रबंध पाठपोट छापून स्वीकारावेत, एवढे एक परिपत्रक निघाले तरी किती रिमे कागद वाचेल! आणि स्नेहसंमेलनातील वार्षिक अहवालात पारितोषिकांच्या यादीबरोबर आणखी एक पान वाचले जावे: गेल्या तीन वर्षांत लावलेली झाडे किती, जगली किती; वीज किती लागली; कचरा किती निघाला. लावलेल्या रोपांचा आकडा सांगणे सोपे असते. जगलेल्या झाडांचा आकडा सांगायला धैर्य लागते, आणि तेच विद्यार्थ्यांना शिकवावयाचे आहे.

या सूचनांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कारखान्यांची धुराडी आणि महानगरांचे सांडपाणी यांपुढे वसतिगृहातील पंख्याची ती काय कथा, असे विचारले जाते. आक्षेप निराधार नाही. मोठ्या प्रश्नांची उत्तरे धोरणातूनच मिळतील आणि धोरणकर्त्यांना त्यांचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु धोरण आखणारे आणि राबवणारे विद्यापीठांतूनच बाहेर पडतात. ग्लासगो येथील २०२१ च्या परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पर्यावरणपूरक जीवनशैलीची संकल्पना जगासमोर मांडली. जगाला जीवनशैली सांगणाऱ्या देशाची विद्यापीठे त्या जीवनशैलीची प्रयोगशाळा नसतील, तर आपला शब्द पोकळ ठरेल. दुसरी पळवाट अधिक धोक्याची आहे, कारण ती आपल्याला गोड वाटते: आम्ही भूमीला माता आणि नदीला देवी मानतो, आम्हाला पर्यावरण काय शिकवता? परंतु आईला आई म्हटल्याने तिची सेवा घडत नाही. पूर्वजांची पुण्याई ही ठेव आहे. तिच्यावर नुसते व्याज खात राहिलो तर मुद्दलही संपते.

म्हणून प्रारंभ वरून व्हावा. कुलगुरूंच्या मेजावर तांब्या-भांडे दिसले, तर विभागप्रमुखांच्या मेजावरील बाटली आपोआप जाईल. प्राचार्यांनी पुष्पगुच्छ नाकारून एखादे पुस्तक स्वीकारले, तर परिपत्रकाची गरज उरणार नाही. आणि घरांनीही आपला वाटा उचलावा. ताटात अन्न टाकू नये, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा, वस्तू पुरवून वापरावी, हे संस्कार मध्यमवर्गीय मराठी घरांत आजी-आजोबांनी कोणताही दिन साजरा न करता केले होते. मुलगा वसतिगृहात गेला की ते घरीच राहतात आणि सुटीत परततो तो नव्या सवयी घेऊन, हा अनुभव अनेक पालकांना असेल. पालकांनी त्याला गुणांबरोबर एवढेही विचारावे: तुझ्या तुकडीने लावलेले झाड जिवंत आहे का?

पुढचा ५ जून येईल तेव्हा मांडव घालावा की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाने ठरवावे. पण तो घालण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या खड्ड्यापाशी जाऊन यावे. तेथे हिरवी फांदी डोलत असेल, तर खुशाल उत्सव करावा. खड्डा रिकामा असेल, तर फलक गुंडाळून ठेवावा आणि पाण्याची बादली हाती घ्यावी.