यादीत नाव आहे, पण माणूस सापडतो का?



मागच्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले एक काकाजी रात्री आठच्या सुमारास वारले. पुलगावच्या कापड गिरणीत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस. नाचणगावात त्यांना ओळखत नाही असे घर सापडणार नाही. आमच्या मंडळाच्या सभासदांची नावे व नंबर यांची यादी आमच्याकडे असते. कारकुनी करणाऱ्याच्या गळ्यात यादी घालायची, ही आपल्याकडची जुनी रीतच आहे. त्या रात्री आम्ही घरच्या कॉम्प्युटरवर बातमी मराठीत टाईप केली, दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता अंत्यविधी असल्याचे लिहिले, ती आपल्याच मोबाईलवर घेतली आणि व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून एकदमच सगळ्यांना पाठवली. दहा मिनिटांत काम झाले. आता कळवायचे कोणी राहिले नाही, असे समजून आम्ही तिरडीच्या तयारीला लागलो.

पण राहिली होती. काकाजींची पोटची लेकच राहिली होती.

ती पुण्याला नवऱ्यासोबत एका कारखान्यात कामाला आहे. काकूंना लिहिता-वाचता येत नाही. लेकीचा नंबर होता काकाजींच्या मोबाईलमध्ये आणि त्या मोबाईलला होते कुलूप. ते कसे उघडायचे हे फक्त काकाजींना ठाऊक. काकूंना वाटले, मंडळाच्या भाऊंनी सगळ्यांना कळवले म्हणजे पोरीलाही कळवले. आमच्या यादीत तिचे नाव होतेच, पण त्यापुढचा नंबर तिने केव्हाच बंद केलेला होता. दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिला एका नातेवाइकाकडून समजले. रात्रीच गाडीत बसली असती तर बापाचे तोंड पाहता आले असते. ती आली तिसऱ्या दिवशी सकाळी. आईच्या गळ्यात पडून रडली आणि मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, तुम्ही साऱ्या गावाले कळवलं. मलेच काऊन नाही कळवलं? मी काय यादीत नव्हती का?"

आम्ही मान खाली घातली. ती यादीत होती. चूक आमचीच होती. पाठवलेल्या निरोपाची माहिती उघडून पाहिली असती, तर तो पोहोचलेल्यांमध्ये तिचे नाव नाही हे आम्हाला त्याच रात्री दिसले असते. पण 'पाठवले' म्हणजे 'पोहोचले' असे आम्ही धरून चाललो. म्हणून आज या सदरात यादीबद्दलच लिहितो आहोत. आमच्यावर आलेली वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढाच हेतू.

कॉम्प्युटरवरच्या यादीशी आमची ओळख तशी जुनी आहे. 2003-04 च्या सुमारास, बी.कॉम. होऊन नोकरी शोधत असताना, आम्ही पुलगावच्या एका नेट कॅफेत जाऊन बसत असू. अर्ज करायला जायचो, पण मित्रांशी बोलण्यासाठी 'याहू मेसेंजर'ही उघडायचो. ज्या तरुण वाचकांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पडद्याच्या कडेला एक उभी चौकट उघडायची आणि तीत आपल्या ओळखीच्या माणसांची यादी असायची. घरचे, मित्र, कामाचे असे तिचे कप्पे करता येत. जो माणूस त्या क्षणी कॉम्प्युटरवर हजर असेल त्याच्या नावाजवळचा गोल हसरा चेहरा पिवळा दिसे, नसेल त्याचा राखाडी. आणि महत्त्वाचे म्हणजे कोणालाही आपल्या यादीत घ्यायचे तर आधी त्याच्याकडे विचारणा जाई. तो हो म्हणाला तरच तो हजर आहे की नाही हे आपल्याला दिसे. नको असलेल्या माणसाला बंद करण्याचीही सोय होती.

आमचा एक मित्र तेव्हा फिटर म्हणून आखातात गेला होता. फोनचा खर्च परवडत नसे, म्हणून रविवारी त्याची आई आमच्यासोबत कॅफेत येई. पहिल्यांदा तिला तो पिवळा चेहरा दाखवून "हा तुमचा पोरगा" म्हटले, तर ती घाबरून म्हणाली, "माय वं! पोरगं असं पिवळं काऊन दिसून राह्यलं? कावीळ तं नाही झाली?" सारा कॅफे हसला. पुढे मात्र तिला समजले. दारातूनच विचारायची, "पेटला का दिवा?" तो टाईप करायचा, आम्ही तिला वाचून दाखवायचो. ती बोलायची, आम्ही टाईप करायचो.

या यादीचा इतिहास फार जुना नाही. नोव्हेंबर 1996 मध्ये इस्रायलमधल्या चार तरुणांनी 'आयसीक्यू' नावाचा प्रोग्रॅम काढला. त्या अक्षरांचा इंग्रजी उच्चार 'मी तुला शोधतो' असा होतो. त्यात प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. सुरुवातीला त्याची यादी त्या-त्या कॉम्प्युटरवरच राहत असे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसलात तर यादी रिकामी. 1998 मध्ये याहूचा 'पेजर' आला आणि 1999 मध्ये त्याचेच नाव 'मेसेंजर' झाले. मायक्रोसॉफ्टचा 'एमएसएन मेसेंजर'ही 1999 चाच. आपल्या मुंबईच्या रेडिफ कंपनीनेही 'रेडिफ बोल' नावाचा प्रोग्रॅम काढला होता. याहूची यादी कंपनीकडे ठेवलेली असे. त्यामुळे पुलगावात बसा नाही तर दुबईत, नाव आणि पासवर्ड टाकला की आपली माणसे समोर. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्याला ही सोय फार मोठी होती.

पण जी यादी दुसऱ्याच्या कपाटात असते, तिची किल्लीही दुसऱ्याच्याच हातात असते. 17 जुलै 2018 रोजी याहू मेसेंजर बंद झाला. जुनी संभाषणे उतरवून घ्यायला कंपनीने काही महिने सवड दिली होती. पण ज्याने तीन-तीन वर्षे तो उघडलाच नव्हता, त्याला ही बातमी कोण सांगणार? पुढे आयसीक्यू 26 जून 2024 रोजी बंद झाला आणि स्काईप 5 मे 2025 रोजी. प्रोग्रॅम येतात आणि जातात, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्यांच्यासोबत आपली माणसे जाऊ देणे बरे नव्हे.

आमचेही तसेच झाले. आखातातल्या मित्राचा दुसरा कोणताही पत्ता आम्ही लिहून ठेवला नव्हता. यादीत आहे म्हणजे आहे, अशी आमची समजूत. नंतर एका कामासाठी तो हवा होता, तर सापडेना. शेवटी त्याच्या आईकडे गेलो. तिने स्वयंपाकघराच्या दारामागे बोट दाखवले. तिथे शेजारच्या पोराकडून तिने पोराचा नंबर खडूने लिहून घेतला होता. नंबर बदलला की जुना पुसायचा आणि नवा लिहून घ्यायचा, हा तिचा नेम. आम्ही बी.कॉम., आणि आमची यादी बुडाली. ती माउली निरक्षर, आणि तिची यादी शाबूत!

आता व्हॉट्सॲपचे पाहू. कॉम्प्युटरवर ते उघडले तरी यादी मुळात मोबाईलमधल्या नावांवरून तयार होते. म्हणून पहिला प्रश्न, तुमची नावे ठेवली आहेत कुठे? सिमकार्डात, फोनमध्ये की गुगलच्या खात्यात? सिमकार्डात साधारण अडीचशे नावे मावतात. फोनमध्ये ठेवलेली नावे फोन हरवला की गेली. गुगल खात्यात ठेवलेली नावे नव्या फोनमध्येही परत येतात आणि कॉम्प्युटरवरही दिसतात. एकाच माणसाचे नाव तीनदा आले असेल तर तिथे ते एकत्र करता येते. चुकून नाव खोडले तर तीस दिवसांच्या आत परत मिळते. सगळी यादी एका फाईलमध्ये उतरवून एक्सेलमध्ये उघडता येते आणि छापून घेता येते. ज्यांची मुले एमएस-सीआयटी शिकली आहेत त्यांनी हे काम मुलांना सांगावे, अर्ध्या तासात होते.

दुसरी गोष्ट ब्रॉडकास्टची. त्यात एका यादीत 256 नावे घेता येतात. पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवलेला असेल त्यालाच निरोप मिळतो. आपल्या यादीत तो असून भागत नाही, त्याच्या यादीत आपणही असावे लागते. ओळख दोन्हीकडून हवी. ग्रुपमध्ये ही अट नाही आणि 1024 माणसे बसतात, पण तिथे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आपल्या लेकी-सुनांचे नंबर त्यांना न विचारता अशा ग्रुपमध्ये टाकू नका. जुन्या मेसेंजरची विचारून यादीत घेण्याची पद्धत चांगली होती. व्हॉट्सॲपमध्येही मला ग्रुपमध्ये कोणी घ्यावे हे ठरवता येते. ती सोय प्रत्येक मुलीला दाखवून द्या.

तिसरी गोष्ट बदललेल्या नंबरची. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्या ग्राहकाला दिला जात नाही, असे ट्राय या सरकारी संस्थेने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. म्हणजे त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. आपण साखरपुड्याचे फोटो पाठवावेत आणि ते भलत्याच माणसाने पाहावेत, असे यातूनच घडते. नंबर बदलला तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'नंबर बदला' अशी सोय आहे. ती वापरली की ओळखीच्यांना कळवता येते. तरीही जवळच्या दहा-बारा माणसांना स्वतः फोन करून सांगा.

चौथी गोष्ट फसवणुकीची. "मी तुमचा भाचा, नवीन नंबर घेतला, अर्जंट पैसे पाठवा" असा निरोप भाच्याच्या फोटोसह येतो. फोटो कोणालाही लावता येतो. यादीत ठेवलेल्या जुन्या नंबरवर फोन करा, भाच्याचा आवाज ऐका, मगच पुढचे ठरवा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या नंबरवर फोन लावा.

पाचवी गोष्ट आमच्यासारख्या ऑफिसात बसणाऱ्यांसाठी. व्हॉट्सॲप फोनखेरीज चार ठिकाणी जोडता येते. ऑफिसच्या किंवा नेट कॅफेच्या कॉम्प्युटरवर जोडले आणि तसेच सोडून आलो, तर आपली यादी आणि आपली बोलणी तिऱ्हाइताच्या डोळ्यांसमोर उघडी पडतात. जोडलेल्या साधनांची यादी फोनमध्येच दिसते. आठवड्यातून एकदा ती पाहावी आणि अनोळखी दिसेल ते काढून टाकावे.

काकाजी गेल्यावर आम्ही काय केले तेही सांगतो. सलग पाच रविवार वही घेऊन घरोघरी फिरलो. वहीत रकाने पाडले: नाव, गावी कोण आहे, नंबर, दुसऱ्या जवळच्या माणसाचा नंबर आणि शेवटी तपासल्याची तारीख. आमच्याकडची मुले कामासाठी पुणे, मुंबई, सुरतेला पांगली आहेत. दर वर्षी कोणी ना कोणी सिम बदलतेच. आमच्या जुन्या यादीतले कितीतरी नंबर मेलेले निघाले. काहींनी तर आमचाच नंबर ठेवलेला नव्हता. त्यांच्या फोनमध्ये आम्ही तिथेच बसून तो भरून दिला. आता दर सहा महिन्यांनी वही तपासायची असे ठरवले आहे. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक विहाराच्या कपाटात. आणि निधनाची बातमी असेल तर घरच्या रक्ताच्या माणसांना आधी फोन, मग इतरांना निरोप. ज्याचा निरोप पोहोचला असे तासाभरात दिसत नाही, त्यालाही फोन.

काकूंकडे साधा बटणांचा फोन आहे. त्यात आम्ही 2 चे बटण लेकीच्या नावावर लावून दिले. ते दाबून धरले की थेट पुण्याला लागतो. शिवाय दारामागे मोठ्या आकड्यांत नंबरही लिहून दिला. काकूंना तो वाचता येत नाही, पण घरात येणाऱ्या कोणालाही वाचता येईल.

वाचकहो, या रविवारी एवढे करा. घरातल्या सगळ्यांचे मोबाईल समोर घ्या, दहा जवळच्या माणसांना फोन लावून पाहा, लागतील तेवढे नंबर एका कागदावर उतरवा आणि तो कागद घरच्या म्हाताऱ्या माणसांना सापडेल अशा जागी चिकटवा. खाली त्या दिवशीची तारीख टाकायला विसरू नका.