फोटो झाडाचा हवा, आपला नको

दिवाळीच्या सुट्टीत भाचे मंडळींना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो होतो. धसईहून मुरबाड, तेथून कल्याण आणि पुढे लोकल. पोहोचेपर्यंत मुले पेंगुळली होती. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे या बागेचे आजचे नाव. १८६२ साली सुरू झालेली ही बाग मुळात झाडांची, प्राणी मागाहून आले. पण २०१७ पासून तेथे पेंग्विन पाहायला मिळू लागले आणि सारी गर्दी तिकडे. गोरखचिंचेपाशी जे कोणी थांबत होते ते तिच्या अवाढव्य बुंध्याला टेकून स्वतःचा फोटो काढून घेत होते. आमचे भाचेही त्यातलेच.

डॉक्टरला या फोटोंचे काय, असे वाचक म्हणतील. सांगतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरताना एका वाडीवरून तीन मुलांना दवाखान्यात आणले. तिघांनाही उलट्या. "एरंडाच्या बिया खाल्ल्या," आजी म्हणाली. आता एरंड कोणता? आपल्याकडे कुंपणाला लावतात तो मोगली एरंड वेगळा आणि ज्याचे एरंडेल निघते तो वेगळा. दोन्ही विषारीच, पण दुसऱ्याच्या बिया चावून खाल्ल्या असतील तर धोका फार मोठा. बरोबरच्या तरुणाने उत्साहाने मोबाईल पुढे केला. फोटोत मुले हसत उभी, मागे हिरवा धूसर पडदा! धसई हे २०१६ साली कॅशलेस गाव म्हणून गाजले, मोबाईल घरोघर आहेत, पण कामाचा फोटो एक नाही. शेवटी एकाला मोटारसायकलवर पिटाळून फांदी आणवली. मोगली एरंडच निघाला. सलाईन लावले, तिसऱ्या दिवशी मुले घरी गेली. पण तो तासभर मी कसा काढला ते माझे मला ठाऊक.

फांदी पाहिल्यावर ओळखायला वेळ लागला नाही. एरंडाचे पान पंज्यासारखे खोल चिरलेले, देठ पानाच्या कडेला नव्हे तर खालून मध्यावर जोडलेला, फळावर बहुधा मऊ काटे. मोगली एरंडाचे पान कमी चिरलेले, फळ गुळगुळीत, डहाळी मोडली की चिकट चीक येतो. हे सर्व फोटोत दिसू शकते, मात्र फोटो तसा काढायला हवा. एक पूर्ण झाडाचा. एक पानाचा, त्याच्या पाठीचासुद्धा. फूल, फळ असेल तर जवळून. फळ फोडून बी तळहातावर ठेवून काढले की आकारही कळतो.

याचा सराव करायला राणीच्या बागेसारखी जागा नाही. तेथे पाटी असलेले झाड निवडावे, आधी पाटीचा फोटो काढावा, मग झाडाचा. म्हणजे नावाबद्दल शंका उरत नाही. शास्त्रीय नाव मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. कण्हेर म्हटले की कोणाला लाल आठवते, कोणाला पिवळी; शास्त्रीय नावात तो घोटाळा नाही. शाळांच्या सहली बागेत जातातच, गुरुजींनी एवढे करून घ्यावे.

मोबाईलमधले ॲप फोटोवरून झाडाचे नाव सांगते, हे मी पाहिले आहे. करमणुकीला ठीक. पण त्या भरवशावर रानातले काही तोंडात घालू नये. शेवळे काकडाच्या फळांबरोबर शिजवावे लागते, नाहीतर घसा खाजतो, हे आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कळलावीचा कंद खाण्याजोगा समजून पोटात गेला, तर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि प्राणावरही बेतते.

मुलाने काही खाल्ल्याचे कळले तर तोंडातले उरलेसुरले काढून टाका. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. पिवळ्या कण्हेरीची बी पोटात गेली असेल तर मूल हसतेखेळते दिसले तरी घरी ठेवू नका, हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. त्या घाईत फोटो जमला नाही तर राहू द्या, पानाफळांसकट डहाळी तोडा आणि पिशवीत घालून बरोबर आणा.