फोनवरच्या तपासणीलाही मेडिकेअरमध्ये जागा द्या

माननीय मार्क बटलर,
आरोग्यमंत्री, ऑस्ट्रेलिया सरकार, यांस


परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरला इथे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचे बिल लावायचे असेल, तर साधारणपणे दहा वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावे लागते. हेल्थ इन्शुरन्स अ‍ॅक्टच्या १९एबी कलमामुळे पुण्या-नागपूरकडे शिकलेले आमच्यासारखे डॉक्टर आउटबॅकच्या, म्हणजे दुर्गम अंतर्भागातल्या, दवाखान्यांत पोचले. म्हणून हे पत्र मराठीत आणि जाहीरपणे लिहिते आहे. या प्रश्नावर इथल्या मराठी डॉक्टर-नर्सनीही तोंड उघडावे, अशी माझी इच्छा आहे.

मागणी अशी: दुर्गम भागातल्या अ‍ॅबोरिजिनल रुग्णांना फोनवर दिलेल्या सल्ल्यालाही व्हिडिओइतकेच रिबेट, म्हणजे मेडिकेअरचा परतावा, मिळावे, आणि त्या वेळी रुग्णाशेजारी बसणाऱ्या अ‍ॅबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनरच्या कामाचे पैसे त्यात धरावेत.

आमच्याकडे व्हिडिओ कसा चालतो ते सांगते. मधुमेह असलेली एक आजी, पायाला जखम. शहरातल्या तज्ज्ञांची वेळ महिन्यांपूर्वी घेतलेली. स्क्रीनवर त्यांचा चेहरा येतो, गोठतो, पुन्हा येतो, मग जातोच. शेवटी फोन लावतो. पुढचे सगळे हेल्थ प्रॅक्टिशनर करते. ती याच वस्तीतली. जखमेच्या कडेला बोट लावून कातडी किती गरम आहे ते सांगते, वास येतो का ते सांगते, पावलावरची नाडी चाचपते. आजी डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणते आहे ती समजले म्हणून की भिडेपोटी, हे खोलीत तिलाच कळते. ती तोच प्रश्न आजीच्या भाषेत पुन्हा विचारते आणि उत्तर बदलते. तज्ज्ञ त्या उत्तरावर उपचार ठरवतात. मेडिकेअरच्या लेखी मात्र तज्ज्ञांची पहिली भेट फोनवर झाली, म्हणजे रिबेट नाही. मग एक तर तज्ज्ञांनी फुकट पाहावे, नाहीतर व्हिडिओसाठी नवी तारीख घ्यावी, नाहीतर आजीने शेकडो किलोमीटरवरचे शहर गाठावे. पायाची जखम तोवर थांबत नाही.

आवाजावर चालणारे औषधोपचार या देशाला नवे नाहीत. १९२८ मध्ये क्लॉनकरी गावाहून फ्लाइंग डॉक्टर सेवेचे पहिले विमान उडाले आणि पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगरच्या पायडलवर चालणाऱ्या रेडिओने दूरदूरची घरे डॉक्टरांशी जोडली. पुढे औषधांच्या पेट्या आल्या. आत प्रत्येक औषधाला क्रमांक. डॉक्टर दुरून क्रमांक सांगत आणि घरातले माणूस ते औषध देई. कित्येक कुटुंबे या व्यवस्थेवर निभावली.

तुमच्या खात्याची अडचण मी जाणते. २०११ च्या जुलैत तज्ज्ञांच्या व्हिडिओ भेटींना रिबेट मिळू लागले, तेव्हा रुग्णाकडच्या बाजूला बसलेल्या नर्सचे आणि हेल्थ वर्करचे कामही त्यात मोजले होते. ती समज योग्य होती. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे फोन आणि व्हिडिओ सल्ल्याचे दार सगळ्यांसाठी उघडले आणि लगेच भीती आली, की रुग्णाला कधीही न पाहिलेल्या कंपन्या फोनवर औषधांच्या चिठ्ठ्या वाटत सुटतील. ती भीती खरी आहे. तिला लगाम हवाच. पण तो घालताना जुलै २०२२ पासून जीपींच्या (फॅमिली डॉक्टरांच्या) लांब फोन-सल्ल्याचे रिबेट गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते परत आले ते ‘मायमेडिकेअर’ या नोंदणी योजनेत त्याच दवाखान्यात नाव नोंदवलेल्यांपुरते. नोंदणी एकाच दवाखान्यात होते. इथली माणसे मात्र अंत्यविधीसाठी, नातलगांसाठी, डायलिसिससाठी या वस्तीतून त्या वस्तीत जातात, महिनोन्‌महिने राहतात. नाव एकीकडे, आजारपण दुसरीकडे.

फोन-व्हिडिओ सल्ल्याच्या रिबेटसाठी आधीच्या बारा महिन्यांत समोरासमोर भेट झालेली असावी, या अटीतून अ‍ॅबोरिजिनल मेडिकल सर्व्हिसच्या रुग्णांना तुमच्याच खात्याने सूट दिली आहे. जीपींचे लांब फोन-सल्ले आणि तज्ज्ञांची पहिली भेट यांनाही तीच सूट लावा. ज्या दवाखान्यात हेल्थ प्रॅक्टिशनर रुग्णाचा हात धरून बसली आहे, तिथे चिठ्ठ्या वाटणाऱ्या कंपनीला शिरकाव कुठून मिळणार?

माणूस पाहून नियम लिहिता येतो, हे किंटोरने दाखवले आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पाचशेहून अधिक किलोमीटरवरची ही वस्ती. मूत्रपिंडे निकामी झाली की घरदार सोडून अ‍ॅलिसला जावे लागे. म्हणून तिथल्या पिंटुपी समाजाच्या चित्रकारांनी आपली चित्रे दिली आणि २००० साली सिडनीतल्या लिलावातून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. त्या पैशातून वस्तीतच डायलिसिस सुरू झाले. सरकार मागून आले, पण आले: नोव्हेंबर २०१८ पासून अतिदुर्गम भागात नर्स किंवा अ‍ॅबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनरने केलेल्या डायलिसिसला मेडिकेअरचे रिबेट मिळते. डॉक्टर खोलीत नसला तरी मिळते. तुमच्याच सरकारने २०२२ मध्ये ग्रामीण भागातल्या रुग्णांना मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या व्हिडिओ सल्ल्यावरची पन्नास टक्के वाढ पुन्हा लागू केली, तेव्हा बंद केलेले पुन्हा सुरू करणे तुम्हाला परके नाही.

पुढच्या वेळी मेडिकेअरच्या दरपत्रकात बदल कराल तेव्हा फोनचे रिबेट आणि हेल्थ प्रॅक्टिशनरच्या कामाचे पैसे हे दोन्ही घाला. आणि मसुदा कॅनबेरात पक्का होण्याआधी तो वस्त्यांनी स्वतः चालवलेल्या दवाखान्यांकडे पाठवा. सिडनीतल्या रेडफर्नला १९७१ मध्ये असा पहिला दवाखाना निघाला, तेव्हापासून ते हेच काम करत आहेत. कुठली अट प्रत्यक्षात अडते, हे त्यांना वाचताक्षणी कळेल.

आपली,
आउटबॅकमधली एक मराठी डॉक्टर