समुद्रतळीचे अन्नछत्र

केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर, तिरुवनंतपुरमच्या परिसरात, गळाने मासे धरणारे कोळी पूर्वापार समुद्रात दगड व नारळीची खोडे सोडीत आले आहेत. मासा उघड्या वाळूपेक्षा आडोशाला अधिक थांबतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्याच किनाऱ्यावर २०२४ साली शासनाने ४२ मच्छीमार गावांसमोर काँक्रीटच्या ६,३०० पोकळ रचना समुद्रतळी सोडण्याचे काम हाती घेतले. अशा रचनांस कृत्रिम भित्ती म्हणतात.

परंतु काँक्रीट खाऊन मासा जगत नाही. मग त्याचे पोट कशाने भरते? प्रथम त्या पृष्ठभागावर जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यावर कालवे, स्पंज आणि नळीत राहणारे कृमी ठाण मांडतात व प्रवाहाबरोबर वाहून जाणारे सूक्ष्म प्लवक गाळून घेतात. फटींत खेकडे वसतात. लहान माशांचे थवे आडोशाला राहून प्लवक टिपतात. त्यांच्या मागोमाग हेकरू, तांबोशी असे शिकारी मासे येतात. माशांची विष्ठा खाली पडते, तीही तळच्या जीवांच्या उपयोगी पडते. काही मासे मात्र येथे केवळ निवाऱ्यास राहतात आणि चरावयास भोवतालच्या वाळूत जातात. म्हणजे या अन्नछत्राची शिधासामग्री बव्हंशी बाहेरून येते. भोवतालचा तळ ट्रॉलरच्या जाळ्यांनी खरवडून निघाला, तर भित्ती उभी असूनही तिच्या आश्रितांची उपासमार होईल.

येथेच शास्त्रज्ञांचा जुना वाद उभा राहतो. भित्तीमुळे मासे वाढतात, की दूरवर विखुरलेले मासे केवळ एका जागी जमतात? दोन्ही गोष्टी घडतात. स्थळ व मासा यांप्रमाणे प्रमाण बदलते. जेथे केवळ जमाव होतो, तेथे चार दिवस जाळी भरतील, परंतु समुद्र अधिक लवकर रिकामा होईल.

शिवाय पाण्यात काहीही टाकले म्हणजे भित्ती होते असे नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेलजवळ १९७२ च्या सुमारास असेच सुमारे २० लाख जुने टायर बुडविण्यात आले. त्यांवर जीव फारसे रुजले नाहीत. बंध तुटले, टायर मोकळे होऊन लाटांबरोबर नैसर्गिक प्रवाळांवर आदळू लागले, आणि पुढे ते बाहेर काढण्यासाठी पाणबुडे उतरवावे लागले.

काँक्रीटच्या रचनांत ट्रॉलरची जाळी अडकतात, म्हणून ते त्या जागा टाळतात; लहान होडीवाल्यास हा मोठाच आधार आहे. पण जमलेला मासा त्यालाही सहज सापडतो. अंड्यावरची तांबोशी किती धरावी आणि कोणत्या दिवसांत त्या जागी गळ टाकूच नये, हे गावाने एकत्र बसून ठरविले पाहिजे. भित्ती पाण्यात उतरण्यापूर्वीच ही बैठक व्हावी, असे आम्हांस वाटते. एकदा मासा जमला, की थांबा म्हणणाऱ्याचे कोण ऐकणार?