एका जागीं चालणारी सायकल

सायकल म्हणजे एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाण्याचें वाहन, अशी आपली समजूत आहे. परंतु अलीकडे घरांतल्या घरांत सायकल चालविण्याचें एक यंत्र निघालें आहे. सायकलीचें मागील चाक काढून ती या यंत्रावर बसवितात. समोरच्या पडद्यावर चढ आला कीं यंत्र आपोआप पायडल जड करितें, उतार आला कीं हलकें करितें. घाम खराच गळतो. मात्र सायकल तसूभरहि पुढें सरकत नाहीं. हें पाहून कित्येक वडील मंडळी हसतात. आमच्या मतें यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

नाशिकच्या डॉ. महेंद्र व डॉ. हितेंद्र या महाजन बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत जोडीनें पुरी केली. २०२० सालीं साथीमुळें ती शर्यत रद्द झाली, तेव्हां तिच्याऐवजीं अशा यंत्रांवर शर्यत ठेवण्यांत आली. आपल्या सैन्यांतील लेफ्टनंट कर्नल भारत पन्नू यांनीं घराबाहेर न पडतां १२ दिवसांत ४,००० हून अधिक किलोमीटर अंतर कापून तींत तिसरा क्रमांक मिळविला.

मंगळवेढ्याहून सायकलीनें पंढरपुरास निघालेला मुलगा अर्ध्या वाटेंत कंटाळला, तरी घरीं येण्यासाठीं त्यास पायडल मारावेंच लागतें. खोलींत तसें नाहीं. तेथें पाय खालीं टेकला कीं घर आलेंच! म्हणून तेथें उत्साहाची वाट पाहणारा टिकत नाहीं. वेळ व अंतर आधींच ठरवावें, लांब पल्ल्याचे लहान लहान भाग पाडावे. वारा लागत नाहीं म्हणून पंखा व पाणी जवळ ठेवावें. आणि मन असो वा नसो, ठरल्या वेळीं बसावें. पडद्यावरील आंकड्यांचा उपयोग हिशेबापुरताच करावा. ते पाहण्यासाठींच जो बसतो, तो ते घटतांच उठतो.

घरीं अभ्यासास बसणाऱ्या मुलाची स्थिति हीच आहे. पुस्तक मिटण्यास त्यास कोणाचीच आडकाठी नसते. यास्तव पालकांनीं ‘गुण किती मिळाले?’ एवढेंच विचारूं नये. ‘आज ठरल्या वेळीं बसलास काय?’ हेंहि विचारावें. केवळ बक्षिसाच्या आशेनें बसणारें मूल बक्षीस थांबतांच उठतें.

प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतींत धांवणाऱ्याच्या संयमाचा दाखला दिला आहे. तो संयम शर्यतीच्या दिवशीं उसना मिळत नाहीं. आपल्या काळ्या रानांतील शाळू पाऊस सरल्यावर जमिनींत मुरलेल्या ओलीवरच पोसतो. मुलांनो, तुमचा निश्चयहि तसाच आधीं मुरलेला असूं द्या.