किनाऱ्याची मोजणी

समुद्राकडे पाहणाऱ्याला किनारा अचल वाटतो. लाटा येतात आणि जातात, भरतीमागून ओहोटी येते; परंतु जेथे जमीन संपते आणि पाणी सुरू होते ती रेघ कायमची आहे, असा माणसाचा समज असतो. वस्तुतः अशी रेघ निसर्गाने कोठेही आखलेली नाही. पावसाळ्यातील उधाण पुळणीवरील वाळू ओढून नेते आणि पुढील महिन्यांत शांत लाटा तीतील बरीचशी परत आणून टाकतात. या नित्याच्या देवघेवीत दरवर्षी थोडी तूट पडू लागली, तर ती नुसत्या डोळ्यांना उमगत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांचे मोजमाप लागते. म्हणूनच किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती नकाशा असणे अगत्याचे आहे.

मुंबईच्या अपोलो बंदरात समुद्राच्या पातळीच्या १८७८ सालापासूनच्या नोंदी आहेत. जगभरच्या अशा नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे, की १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी चढली. पृथ्वी तापल्यामुळे समुद्राचे पाणी प्रसरण पावते, आणि पर्वतांवरील व ध्रुवांकडील बर्फ वितळून त्यात भर घालते. वीतभर वाढ ती काय, असे कोणी म्हणेल. परंतु सपाट पुळणीवर वीतभर चढलेले पाणी आत कित्येक हात सरकते, आणि वादळाच्या दिवशी लाटांना आणखी आत शिरण्यास वाट मिळते.

हा बदल तपासण्याची जी साधने आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला लाभली आहेत, ती पूर्वीच्या भूगोलतज्ज्ञांच्या स्वप्नातही नव्हती. १९७२ साली लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह आकाशात गेला, आणि २००८ पासून त्या मालिकेची जुनी-नवी चित्रे विनामूल्य मिळू लागली. विद्यार्थी संगणकावर निरनिराळ्या वर्षांची चित्रे एकमेकांवर बसवतो व प्रत्येक वर्षाची किनाऱ्याची रेघ काढतो. मग जमिनीवर एक कायमची रेघ धरून तिच्यापासून समुद्रापर्यंत ठरावीक अंतरांवर आडव्या रेघा आखतो. समजा, अशा एका आडव्या रेघेवर १९९० साली किनारा १२० मीटरांवर होता आणि २०२० साली तो ९० मीटरांवर आला. तर ३० वर्षांत ३० मीटर, म्हणजे वर्षाला सरासरी एक मीटर जमीन गेली. चेन्नई येथील राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांच्या आधारे भारताच्या मुख्यभूमीचा किनारा तपासला, तेव्हा सुमारे ३४ टक्के किनाऱ्याची धूप होत असल्याचे आणि सुमारे २७ टक्के किनाऱ्यावर भर पडत असल्याचे आढळले.

तथापि एकट्या नकाशावर विसंबणे योग्य नव्हे. १९८२ नंतरच्या लँडसॅट चित्रांतही एक ठिपका जमिनीवरील ३० मीटर लांबीरुंदीचा असतो. शिवाय एक चित्र भरतीच्या वेळचे आणि दुसरे ओहोटीच्या वेळचे असेल, तर जमीन तसूभर न ढळताही किनारा सरकल्याचा भास होतो. म्हणून खोलीत बसून रेघा ओढणाऱ्याने किनाऱ्यावर पायी गेलेच पाहिजे. कॅरिबियन समुद्रातील बेटांवर युनेस्कोच्या साहाय्याने १९९९ साली सुरू झालेल्या ‘सँडवॉच’ उपक्रमात शाळकरी मुलांनी हेच केले. पुळणीमागचे एखादे झाड किंवा घर खूण म्हणून धरावयाचे, तेथून भरतीच्या खुणेपर्यंतचे अंतर फितीने मोजावयाचे, तारीख घालून ते लिहून ठेवावयाचे, आणि काही काळाने पुन्हा तेथेच जाऊन मोजावयाचे. ज्याच्यापाशी फीत, वही आणि चिकाटी आहे, त्याला हे संशोधन करता येते. गावातील वृद्ध कोळ्याला सुरूची झाडे पूर्वी कोठवर होती हेही विचारावे. जेथे चित्र नाही, तेथे त्याची आठवण उपयोगी पडते.

याहून कठीण कसोटी पुढेच आहे. किनारा खचला, की सारा दोष हवामानबदलाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चेन्नईचे बंदर बांधले गेले, तेव्हा किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाणारी वाळू त्याच्या बांधापाशी अडली. दक्षिणेस मरीनाची पुळण रुंदावली आणि उत्तरेचा किनारा झिजू लागला. नद्यांवरील धरणे वाळू अडवतात, आणि माणूस ती उपसूनही नेतो. समुद्राची वाढती पातळी या सर्व जखमा अधिक खोल करते, हे खरे. परंतु प्रत्येक रोग्याला एकच औषध देणाऱ्या वैद्याप्रमाणे प्रत्येक किनाऱ्याला एकच कारण लावणारा अभ्यासक अनर्थ ओढवतो.

नकाशे काढून समुद्र थोडाच थांबणार आहे, असा आक्षेप घेतला जातो. समुद्र थांबणार नाही. पण माणसाला वेळीच सावध होता येईल. ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यात सातभाया ही एकेकाळी सात गावांची वस्ती होती. समुद्र एकामागून एक गावे गिळत गेला, आणि अखेरीस उरलेल्या कुटुंबांना घरेदारे सोडून बागापटिया येथील नव्या वसाहतीत जावे लागले. अशा गावातील माणूस ‘आमची जमीन जात आहे’ असे सांगतो, तेव्हा ते गाऱ्हाणे ठरते. तेच तारखा व अंतरे यांसह नकाशावर मांडले, म्हणजे त्याचा पुरावा होतो. गाऱ्हाणे ऐकून सोडून देता येते. पुराव्याला उत्तर द्यावे लागते. नवी शाळा कोठे बांधावी, रस्ता कोठून न्यावा, कोणत्या घरांना आधी हलवावे, हे त्या पुराव्यावरूनच ठरवता येते.

दर्यावर ज्यांचे पोट आहे, अशा कुटुंबांचे भवितव्य विद्यार्थ्याच्या त्या एका रेघेशी बांधलेले असते. म्हणून वाळू वाढली तेथे वाढली आणि घटली तेथे घटली असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा, हेच त्याचे पहिले साधन होय. उपग्रह आणि संगणक त्यानंतरचे.