मूर्तीचे माप, माणसाचे माप

तंजावरच्या राजवाड्यात १९५१ साली सुरू झालेले एक कलादालन आहे. चोळ काळातील ब्राँझमूर्तींसाठी ते प्रसिद्ध आहे. तिरुवेंकाडू येथील वृषवाहन शिवाची मूर्ती याच दालनात आहे. नंदी आज जागेवर नाही. पण त्या न दिसणाऱ्या नंदीच्या पाठीवर हात टेकून हा तरुण देव सहज ऐटीत उभा आहे. १०११ च्या सुमारास ती मूर्ती ओतली गेली. त्याच्यासोबतची पार्वती सडपातळ आहे, तिची कंबर मुठीत मावावी इतकी बारीक.

आता याच गावात पुढे मराठा राजांच्या आश्रयाने बहरलेली तंजावर शैलीची चित्रे पाहावीत. त्यांतील बाळकृष्णाचे गाल गोबरे, दंडांना वळ्या पडलेल्या, पोट लोण्याच्या गोळ्यासारखे. आणि त्यावर सोन्याच्या वर्खाचे दागिने. या चित्रांतील स्त्रियाही भरल्या अंगाच्या आहेत. म्हणजे एकाच गावाने, काही शतकांच्या अंतराने, सुंदर देहाची दोन अगदी निराळी रूपे डोळ्यांपुढे ठेवली आणि दोन्हींना हात जोडले.

मूर्तिकारांचे मापाचे शास्त्र काटेकोर होते. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल. विष्णू व शिव दशतालात घडवावेत, गणपती पंचतालात, असे शिल्पशास्त्र सांगते. पंचतालातला म्हणून गणपतीचा मान कोणी कमी केला नाही. उलट पहिली पूजा त्याचीच. शिवाय हे माप मूर्तीपुरते होते. ते हातात घेऊन स्थपती आपल्या लेकीसुनांची उंची-रुंदी तपासत बसला असेल, असे वाटत नाही.

आज मात्र नेमके तेच घडते आहे. तंजावर हे आता विद्यार्थ्यांचे गाव आहे. १९८१ साली स्थापन झालेले तमिळ विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय, अभियांत्रिकीच्या संस्था यांमुळे दूरदूरची मुले-मुली येथील वसतिगृहांत राहतात. पुणे, नागपूर किंवा कोल्हापूरच्या वसतिगृहांहून त्यांचे आयुष्य वेगळे नाही. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात चेहरा गुळगुळीत, कंबर बारीक व रंग उजळ करून देणारी सोय आहे. तंत्राने बदललेले ते चित्र आणि आरशातला देह यांची तुलना दिवसातून अनेकदा होते. या स्पर्धेत आरसा नेहमीच हरतो. मुलगे यातून सुटले आहेत असे नाही. त्यांना दंडाचे स्नायू आणि छातीचा घेर छळतो.

या तुलनेतून येणारी उदासी बहुतेकांच्या बाबतीत वयाबरोबर ओसरते. काहींच्या बाबतीत मात्र ती आजाराचे रूप घेते. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन वैद्यांनी, जवळपास एकाच वेळी, अन्न टाळून झिजत जाणाऱ्या तरुण मुलींची वर्णने केली. त्या विकाराला आज 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' म्हणतात. नावाचा अर्थ भूक नाहीशी होणे असा असला तरी तो फसवा आहे. भूक असते, तीव्र असते. तिच्यावर विजय मिळवणे हीच रुग्णाला स्वतःची एकमेव कर्तबगारी वाटू लागते. १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी 'बुलिमिया' या दुसऱ्या विकाराचे वर्णन केले. त्यात माणूस आवर न राहून भराभर खातो आणि मग वजन वाढण्याच्या धास्तीने उलटी काढतो. असा रुग्ण दिसायला चारचौघांसारखाच असल्याने शेजारच्या खाटेवरील मैत्रिणीलाही पत्ता लागत नाही.

हे परदेशी लाडावलेल्या मुलींचे चोचले आहेत, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. हे मत मला चुकीचेच नव्हे तर घातक वाटते. अ‍ॅनोरेक्सिया हा मनोविकारांपैकी सर्वाधिक जीवघेण्या विकारांत मोडतो. पाळी थांबते, केस गळतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके मंदावतात. वारंवार उलट्या काढल्याने दातांवरचे कवच झिजते आणि रक्तातले पोटॅशियम घटून हृदय बंद पडण्याचा धोका निर्माण होतो. भारतातही १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाहणी केलेल्या २१० वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्के जण खाणे आणि वजन यांबाबत त्रस्त असल्याचे आढळले होते. तेव्हा मोबाइलवरची चित्रे नव्हती. बाहेरून आलेले माप किती वेगाने रुजते, हे फिजी बेटांत दिसून आले. तेथे भरल्या अंगाला प्रतिष्ठा होती. १९९५ साली तेथील एका भागात दूरचित्रवाणी पोहोचली. अ‍ॅन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी उलटी काढणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११ टक्क्यांवर गेले होते.

"मनावर घेतले तर खाईल" हा आणखी एक समज. उपासमार मनालाच कशी ग्रासते, याचा पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झालेल्या प्रयोगाने दिला. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले होते. सहा महिने त्यांना जेमतेम निम्मे अन्न दिले गेले. ते चिडखोर, एकलकोंडे, उदास झाले. अन्नाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेना. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. प्रयोग संपल्यावरही त्यांतील अनेकांना पोट भरल्याची जाणीव होईना. या तरुणांना आरशाची भीती नव्हती, बारीक व्हायचे नव्हते. तरीही केवळ कमी अन्नाने त्यांची ही दशा झाली. मग आधीच स्वतःविषयी तिटकारा बाळगणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीने महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिल्यावर तिच्याकडून निश्चयाची अपेक्षा कशी करावी?

तंजावरकरांनी अन्नाकडे अशा धास्तीने पाहिले नव्हते. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने रघुनाथ पंडितांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. कोणत्या पदार्थाचा गुण काय, याचा त्यात विचार आहे. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथही आहे. आणि सांबार संभाजीराजांच्या नावावरून येथेच जन्मले, ही कथा ऐकिवातली असली तरी तंजावरकर ती अगदी चवीने सांगतात.

आपल्या घरांत या विकाराला लपायला जागा पुष्कळ आहेत. उपवास ही त्यांतली एक. श्रद्धेने केलेल्या एकादशीला कोणाची हरकत असणार? पण उपवासांची संख्या वाढत गेली, पारण्याच्या दिवशीही ताट तसेच राहू लागले, तर देवाचे नाव पुढे करून काही वेगळेच चालले आहे असे समजावे. दुसरी जागा आपल्या बोलण्यात आहे. सुटीत घरी आलेल्या मुलीला "सुटलीस की गं" म्हणून स्वागत करणारी मावशी आणि "किती छान बारीक झालीस" म्हणणारी काकू, दोघीही प्रेमानेच बोलतात. त्यांपैकी काकूंचे कौतुक अधिक धोक्याचे, कारण जी मुलगी आजारामुळे झिजते आहे तिच्या आजारालाच ते शाबासकी देते. विवाहाच्या जाहिरातींतील 'सडपातळ, गोरी' ही अट तर आपण इतकी वर्षे वाचत आलो आहोत की तिचे काही वाटेनासे झाले आहे.

यावर कोणी म्हणेल, स्थूलता आणि मधुमेह हे प्रश्न खोटे आहेत का? मुळीच नाहीत. गरज असेल तेथे वैद्याने वजनाबद्दल स्पष्ट बोललेच पाहिजे. परंतु हिणवल्याने माणूस निरोगी होत नाही. तो लपून खातो किंवा खाणे सोडतो, आणि दोन्हींतून प्रकृती बिघडते.

देहाच्या मापावाचूनही माणसाचे मोठेपण ठरते, याचा दाखला तंजावरच्याच परंपरेत आहे. नृत्यांगना बालसरस्वती यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारातील कलावंत होते. सत्यजित राय यांनी १९७६ साली त्यांच्यावर माहितीपट केला, तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या आणि शरीर स्थूल झाले होते. समुद्रकिनारी कृष्णाला बोलावणारी आई त्यांनी त्यात साकारली आहे. पाहणाऱ्याला त्यांचा कमरेचा घेर आठवत नाही. डोळे आणि हात आठवतात. १९७७ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आजच्या नृत्यवर्गांत मात्र पहिल्याच महिन्यात मुलीचे वजन विचारले जात असेल, तर गुरूंनी हा माहितीपट विद्यार्थिनींसह एकदा पाहावा.

महाविद्यालयांनीही काही गोष्टी आजच करता येतील अशा आहेत. वर्गात कोणाच्या अंगावरून विनोद झाला तर शिक्षकांनी त्यात हसून सामील होऊ नये. सतत जेवण चुकवणारी, जेवल्याबरोबर स्वच्छतागृहाकडे धावणारी, उन्हाळ्यातही कुडकुडणारी विद्यार्थिनी दिसली तर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी शिस्तीची नोटीस न काढता तिच्याशी एकांतात बोलावे आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, अनेक भारतीय भाषांत, विनामूल्य बोलता येते. उपचारांत मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि कुटुंब अशा तिघांचाही वाटा असतो. लंडनच्या मॉड्‌स्ली रुग्णालयात विकसित झालेल्या पद्धतीत तर किशोरवयीन रुग्णाच्या जेवणाची सूत्रे सुरुवातीला आईवडिलांकडेच सोपवली जातात. ते तिच्याजवळ बसतात, घास संपेपर्यंत उठत नाहीत आणि रागावतही नाहीत. या उपचाराला अनेक महिने लागतात.